दीड बॅरलचा हिशोब

मॅकवर काम करणाऱ्या प्रोग्रामरला 'ब्रू' हा शब्द दिवसातून निदान एकदा तरी टाइप करावा लागतो. 'ब्रू इन्स्टॉल' लिहून पुढे सॉफ्टवेअरचं नाव दिलं की ते इंटरनेटवरून उतरतं आणि आपापल्या जागी जाऊन बसतं. २००९ साली मॅक्स हॉवेलने तयार केलेल्या या साधनाचं नाव आहे होमब्रू. त्याची सगळी परिभाषा बिअरची आहे. सॉफ्टवेअर कसं बांधायचं त्या कृतीला म्हणायचं फॉर्म्युला, आयतं बांधून ठेवलेल्या पॅकेजला बॉटल, ते ज्या फोल्डरात राहतं त्याला सेलर आणि बाहेरून जोडलेल्या साठ्याला टॅप. मी सहा वर्षं हे शब्द वापरतोय. त्यांच्यामागे खरी पिंपं आणि खरी तळघरं आहेत, याचा विचार मात्र अलीकडेच करू लागलो.

आमच्या क्षेत्रात हा शब्द त्याहूनही जुना आहे. मार्च १९७५मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे एका गॅरेजात काही हौशी लोक जमले आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला. स्टीव्ह वॉझ्नियाकने ॲपल-१ पहिल्यांदा दाखवला तो याच क्लबात. गंमत अशी, की त्या वर्षी अमेरिकेत घरी संगणक जुळवायला कोणाची हरकत नव्हती, पण घरी बिअर बनवणं केंद्रीय कायद्याने गुन्हा होता.

एप्रिल १९७६मध्ये ॲपल कंपनी सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तिथून गाडीने दीड-दोन तासांवर असलेल्या सोनोमा गावाजवळ जॅक मॅकऑलिफ नावाच्या माणसाने न्यू अल्बिअन ब्रुअरी नावाची कंपनी नोंदवली. दोन्ही उद्योग हौसेतून आले, दोन्ही हाताने जुळवलेल्या यंत्रांवर उभे राहिले. पहिल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. दुसरा सहा वर्षांत बंद पडला. मला ही दुसरी गोष्ट सांगायची आहे, कारण घरगुती उद्योगाचा धंदा होताना नेमकं काय घडतं ते तिच्यात जास्त स्पष्ट दिसतं.

आधी बिअर कशी होते ते थोडक्यात. नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणीला मोड आणतो, वाळवतो आणि दळतो. सातूला म्हणजे बार्लीला असेच मोड आणून, वाळवून आणि हवं तसं भाजून माल्ट तयार होतं. भरडलेलं माल्ट साधारण ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवलं, की त्यातली एन्झाइमं पिठूळ भागाची साखर करतात. ते गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं घालून तास-दीड तास उकळायचं, झटपट थंड करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. पुढचं काम इडलीच्या पिठासारखं, म्हणजे आंबण्याचं. स्वच्छता हवी, तापमान सांभाळायला हवं आणि धीर हवा. हे घरच्या ओट्यावर जमतं, आणि माणसं हजारो वर्षं ते घरीच करत आली आहेत.

मग ते गुन्हा कसं झालं? १९२०मध्ये अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी आली. ब्रुअऱ्या बंद पडल्या किंवा दुसरा माल बनवू लागल्या. ॲनहायझर-बुशसारख्या बड्या कंपन्यांनी माल्टचा पाक डब्यांतून विकायला काढला. नावाला तो स्वयंपाकासाठी होता, पण घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला त्याचा खरा उपयोग ठाऊक होता. त्या पाकाची घाईघाईने केलेली बिअर बहुधा वाईट असे आणि 'घरची बिअर' या शब्दांना तेव्हा जो वास चिकटला तो पुढे अनेक वर्षं गेला नाही. डिसेंबर १९३३मध्ये दारूबंदी उठली. घरच्या वाइनला कायद्यात जागा मिळाली, घरच्या बिअरला मिळाली नाही. यावरून कोणी घरांवर छापे घालत होतं असं नाही. माल्ट आणि यीस्ट विकणारी दुकानं उघडपणे चालत. तरी कायद्याच्या लेखी तो गुन्हाच होता.

ब्रिटनची वाट थोडी वेगळी होती. तिथे १८८०च्या कायद्याने घरी बिअर करणाऱ्याला परवाना काढावा लागे. १९६३च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली, तेव्हा घरी बिअर करण्याच्या सामानाचे तयार संच दुकानात आले. बूट्स या औषधविक्रेत्यांच्या साखळीतही ते मिळू लागले. याच दशकात मॅकऑलिफ अमेरिकी नौदलाचा तंत्रज्ञ म्हणून स्कॉटलंडमधल्या होली लॉख इथल्या पाणबुडी तळावर होता. तिथल्या पबमधली गडद, दाट चवीची एल त्याला आवडली. परत गेल्यावर ही मिळणार नाही हे ओळखून त्याने असा एक संच विकत घेतला आणि घरी प्रयोग सुरू केले. लंडनच्या अर्थसंकल्पातली एक तरतूद अशी फिरत फिरत कॅलिफोर्नियात पोचली.

अमेरिकेत परतल्यावर मॅकऑलिफ सिलिकॉन व्हॅलीच्या परिसरात ऑप्टिकल अभियांत्रिकीचं काम करत होता. सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हा अँकर नावाची जुनी ब्रुअरी होती. वॉशिंग मशीनवाल्या मेटॅग घराण्यातल्या फ्रिट्झ मेटॅगने १९६५मध्ये ती बुडता बुडता विकत घेतली होती आणि तिला नफ्यात आणायला त्याला सुमारे दहा वर्षं लागली. ही दहा वर्षं घरच्या पैशांवर काढता येतात, ज्याच्या घरी तेवढा पैसा आहे त्याला. मॅकऑलिफच्या घरी नव्हता. मग त्याने ठरवलं की ब्रुअरी आपल्या हातांनीच बांधायची.

आणि त्याने खरोखर बांधली. दुग्धव्यवसायातली जुनी भांडी मिळवली. शीतपेयांच्या पाकाची ५५ गॅलनची पोलादी पिंपं कापून, जोडून त्यांच्या टाक्या केल्या. वेल्डिंग, नळकाम, सुतारकाम सगळं स्वतः केलं. रचना अशी, की वरच्या मजल्यावरचं पाणी गुरुत्वाकर्षणाने खालच्या भांड्यात उतरावं आणि पंपांचा खर्च वाचावा. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बिअरशास्त्र शिकवणारे प्राध्यापक मायकेल लुईस यांचा सल्ला घेतला, तिथल्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं वाचली. सूझी स्टर्न आणि जेन झिमरमन या दोघी भागीदार म्हणून आल्या. १५७९मध्ये फ्रान्सिस ड्रेकने त्या किनाऱ्याला न्यू अल्बिअन म्हटलं होतं, तेच नाव ब्रुअरीला दिलं आणि लेबलवर ड्रेकचं जहाज छापलं. आधुनिक अमेरिकेतली पहिली मायक्रोब्रुअरी म्हणून आज तिची ओळख आहे.

बिअर चांगली होती. वृत्तपत्रांनी दखल घेतली, लोक लांबून बघायला येऊ लागले, तयार झालेला माल विकला जात होता. मग ब्रुअरी बंद का पडली? याचं उत्तर मला चवीत सापडत नाही, भांड्याच्या आकारात सापडतं.

न्यू अल्बिअनच्या एका घाण्यात दीड बॅरल बिअर निघे. घाणा म्हणजे चकलीचा किंवा जिलबीचा काढतात तोच, एका वेळी होणारा माल. अमेरिकी बिअर बॅरल ३१ गॅलनचं, म्हणजे साधारण ११७ लिटरचं. दीड बॅरल म्हणजे १७५ लिटर. ३५५ मिलिलिटरच्या छोट्या बाटल्या धरल्या तर काहीही वाया न जाता पाचशेच्या आसपास. न्यू अल्बिअनचं सर्वांत चांगल्या काळातलं उत्पादन वर्षाला सुमारे ४०० बॅरल होतं. भागाकार केला तर वर्षाला २६७ घाणे येतात, म्हणजे आठवड्याला पाच. सुट्टी नाही, आजारपण नाही, भांडं फुटायला वाव नाही.

खरी अडचण यापुढे आहे. दीड बॅरल उकळायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच दहा बॅरल उकळायला लागतो. माल्ट तासभरच भिजतं, हॉप्स तास-दीड तासच उकळतात, मग भांडं केवढंही असो. धुण्याचं कामही आकाराच्या प्रमाणात वाढत नाही, कारण भांड्याचं घनफळ दुप्पट झालं तरी आतला पृष्ठभाग दुप्पट होत नाही. म्हणजे ज्या दिवसभराच्या मेहनतीत दहा बॅरल निघू शकतात, त्याच मेहनतीत मॅकऑलिफचे दीड बॅरल निघत. आमच्याकडे ही गोष्ट नवशिक्यालाही सांगतात. डेटाबेसकडे एकेक ओळ मागत बसू नकोस, हजार एकदम माग. प्रत्येक फेरीचा जो ठरलेला खर्च आहे तो हजारांत वाटला जाऊ दे. मॅकऑलिफच्या बाबतीत तो ठरलेला खर्च म्हणजे तो स्वतः होता.

मोठं भांडं घ्यायला भांडवल हवं. त्याने ते शोधलंही. पण दारूबंदीनंतरच्या अमेरिकेत ब्रुअऱ्या सतत कमी होत आल्या होत्या आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी देशभरात त्या शंभराच्या आत राहिल्या होत्या. प्रत्येक वर्षी आकसणाऱ्या धंद्यात एक नवा, छोटा, हाताने वेल्ड केलेला कारखाना मोठा करायला बँकेने पैसे का द्यावेत? त्यात महागाई रोखण्यासाठी व्याजदर चढत गेले. डिसेंबर १९८०मध्ये बँकांचा आपल्या सर्वांत भरवशाच्या ग्राहकांसाठीचा दर २१.५ टक्के झाला होता. १९८२मध्ये न्यू अल्बिअन बंद पडली. तिची भांडी हॉपलंड गावी मेंडोसिनो ब्रुअरीत गेली, तिथला ब्रुअर डॉन बार्कलीही भांड्यांबरोबर गेला. मॅकऑलिफ काही काळाने या धंद्यातून बाहेर पडला.

आता दुसरा माणूस. केन ग्रॉसमन लॉस एंजेलिसच्या वुडलंड हिल्स भागात वाढला. मित्राचे वडील घरी बिअर करत, तिथे त्याला नाद लागला. पुढे तो उत्तरेला चिको या विद्यापीठाच्या गावात राहिला, सायकली दुरुस्त केल्या आणि १९७६मध्ये घरी बिअर करणाऱ्यांसाठी सामानाचं दुकान काढलं. चांगले हॉप्स छोट्या दुकानदाराला कोणी विकत नसे. म्हणून तो वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमाला गाडी घेऊन गेला आणि मोठ्या कंपन्यांना नमुन्यासाठी कापून ठेवलेले हॉप्सचे छोटे तुकडे मिळवून आणले. कास्केड नावाची लिंबूवर्गीय वासाची जात १९७२मध्ये ओरेगनमधल्या सरकारी संशोधनातून बाहेर आली होती. पुढे ग्रॉसमनच्या पेल एलची ओळख याच हॉप्सने झाली.

ब्रुअरी काढायचं मनात आल्यावर ग्रॉसमन न्यू अल्बिअन पाहायला गेला. त्याला दिसलं ते एका माणसाने हाताने उभं केलेलं नवल, आणि त्याबरोबर एक आकडा. दीड बॅरलवर पोट भरत नाही. त्याने आणि भागीदार पॉल कमुसीने आपली भांडी दहा बॅरलची करायची ठरवलं. पद्धत मॅकऑलिफचीच होती: डेअऱ्यांचं भंगार, शीतपेयवाल्यांचं जुनं बाटल्या भरायचं यंत्र, आणि वेल्डिंग, रेफ्रिजरेशन वगैरे शिकायला स्थानिक कॉलेजातले वर्ग. सुरुवातीचे सुमारे ५० हजार डॉलर घरचे आणि मित्र यांच्याकडून आले. १५ नोव्हेंबर १९८०ला सिएरा नेवाडाचा पहिला घाणा, एक स्टाउट, तयार करायला घेतला. पेल एलचे सुरुवातीचे दहाच्या वर घाणे त्यांनी गटारात ओतले, कारण दोन घाण्यांची चव एकसारखी येत नव्हती. दीड बॅरलवाल्याला अशी ऐपत नसते. त्याला प्रत्येक बाटली विकावीच लागते. आठ वर्षांच्या आत सिएरा नेवाडा जर्मनीतल्या बंद पडलेल्या ब्रुअरीची तांब्याची भांडी बसवून शंभर बॅरलच्या घाण्यावर पोचली.

बिअरच्या लोकप्रिय इतिहासात या सगळ्याचं श्रेय बहुतेक वेळा जिमी कार्टर यांना मिळतं. १४ ऑक्टोबर १९७८ला त्यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी पुढे आणलेली घरगुती बिअरची तरतूद होती. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर विनाकर करता येईल, मात्र ती विकता येणार नाही. फेब्रुवारी १९७९पासून हे लागू झालं. चांगला कायदा होता. पण तारखा लावून पाहा. मॅकऑलिफची कंपनी त्याच्या दोन वर्षं आधीची, ग्रॉसमनचं दुकानही आधीचं, आणि लॉस एंजेलिसच्या माल्टोज फाल्कन्स या घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबची स्थापना १९७४ची. लोक आधीपासून करत होते, कायदा त्यांच्या मागून आला. त्याने हौसेला उजेडात आणलं आणि पुढच्या पिढीतले ब्रुअर त्या उजेडात वाढले, एवढं नक्की.

धंद्याच्या दृष्टीने त्याच्या दोन वर्षं आधीचा एक कायदा जास्त कामाचा ठरला. १९७६मध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या सहीने छोट्या ब्रुअऱ्यांचा अबकारी कर पहिल्या ६० हजार बॅरलपुरता प्रति बॅरल ९ डॉलरवरून ७ डॉलरवर आला. तो जुन्या, प्रादेशिक ब्रुअऱ्यांना बड्या कंपन्यांसमोर तग धरता यावा म्हणून केला होता. त्यातल्या कित्येक तरीही गेल्या, आणि फायदा झाला तो तेव्हा जन्मालाही न आलेल्यांना. या कायद्याचं चित्र कोणी टी-शर्टवर छापत नाही.

हे सगळं मी वाचायला घेतलं त्याला कारण आहे. पुण्यात माझ्याबरोबर काम करणारा एक मित्र नोकरी सोडून मायक्रोब्रुअरी काढायच्या विचारात आहे आणि त्याने मला भागीदारी देऊ केली आहे. पुणं हे त्यासाठी उगाच निवडलेलं गाव नाही. २००९मध्ये डूलाली इथेच सुरू झाली, आणि शहराला ताजी बिअर माहीत आहे. मित्राने चवीवर पुष्कळ विचार केलाय. ज्वारी वापरायची, कोकम घालून बघायचं. पण 'आधी घरी थोडं करून बघू' हे वाक्य महाराष्ट्रात म्हणता येत नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्याच्या बाराव्या कलमाने परवान्याशिवाय मद्य तयार करायला बंदी आहे, आणि स्वयंपाकघरातले वीस लिटर त्यातून सुटत नाहीत. हे स्वातंत्र्यानंतरच सुरू झालं असंही नाही. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावरचा सरकारी ताबा आवळला, आणि १८९२च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध घातले. मोहाची दारू ही बिअर नव्हे, पण तीही घरी होणारी गोष्ट होती, आणि महसुलासाठी ती घरातून बाहेर काढली गेली.

परिणाम असा, की आपल्याकडे ग्रॉसमनची वाट बंद आहे. आधी ओटा, मग दुकान, मग दहा बॅरल, या पायऱ्यांमधली पहिलीच नाही. सुरुवात करायची ती थेट परवाना, जागा आणि पोलादी टाक्यांपासून. स्वस्तात चुकायची सोय नाही. म्हणून चुका दुसऱ्यांच्या वाचाव्या लागतात.

मित्राला मी ज्वारीबद्दल काही विचारलेलं नाही. मी विचारलं ते एवढंच: घाणा केवढा, आठवड्याला किती, ते काढणार कोण, आणि पहिले दहा घाणे ओतून द्यावे लागले तर पगार कशातून? त्याने शीटमध्ये चार नवे रकाने टाकलेत. शेवटचा अजून भरलेला नाही, आणि तो भरेपर्यंत मी पैसे देणार नाही हे त्याला सांगितलंय. तो थोडा नाराज आहे.

आमच्या क्षेत्राला गॅरेजच्या गोष्टी फार आवडतात. पण प्रोग्राम एकदा लिहिला की त्याच्या लाख प्रती फुकट निघतात. बिअरची पाचशेएकावी बाटली हवी असेल तर पुन्हा पाणी तापवावं लागतं. घरातून सुरू झालेल्या प्रत्येक उद्योगाला ॲपलचं माप लावलं तर मॅकऑलिफ हरलेला दिसतो. मला तो असा माणूस दिसतो, ज्याने सहा वर्षं राबून पुढच्यांसाठी एक आकडा शोधून ठेवला. त्या आकड्याचा फायदा त्याला स्वतःला मिळाला नाही, इतरांना मिळाला.

थोडी परतफेड झाली, उशिरा. बोस्टन बिअर कंपनीच्या जिम कुक यांनी १९९३मध्ये न्यू अल्बिअन हे नाव विकत घेऊन ठेवलं होतं. २०१२मध्ये त्यांनी मॅकऑलिफला बोलावलं आणि दोघांनी मिळून जुन्या कृतीने एल केली. डेव्हिसच्या विद्यापीठाने न्यू अल्बिअनचं मूळ यीस्ट सांभाळून ठेवलं होतं, तेच वापरलं. जानेवारी २०१३मध्ये ती देशभर विक्रीला आली आणि नफा मॅकऑलिफला दिला गेला. पुढे नावही त्याच्याकडे परत आलं. या वेळी ती ज्या भांड्यांत झाली ती दीड बॅरलची नव्हती.